ट्रान्समची (होडीच्या मागच्या भिंतीची) जाडी नेमकी किती धरायची? जुन्या लाकडाची मापं एकमेकांशी जुळतच नाहीयेत

खाऱ्या_वाऱ्यावर

मंडळी नमस्कार. बरेच महिने नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

होडी १७ फुटी, फायबरची, मागे आउटबोर्ड, म्हणजे बाहेरून टांगलेलं इंजिन. जुनं इंजिन ४० एचपी टू-स्ट्रोक. गेले वर्षभर थ्रॉटल कमी-जास्त केला की इंजिन जरा डोलायचं, मी समजत होतो रबर माउंट गेले असतील आणि चालवत राहिलो. परवा ट्रेलरवर असताना इंजिनाच्या शेपटावर सहज हात टेकवून भार दिला तर इंजिन नाही, अख्खी मागची भिंतच हलली. मग हातोडीच्या दांड्याने सगळीकडे ठोकून बघितलं, दोन्ही कोपऱ्यांत खणखणीत आवाज आणि मध्ये इंजिनाखाली एकदम बद्द. पाणी सोडायच्या बुचाजवळ ५ मिमीचं भोक पाडलं तर ड्रिलच्या टोकाला भुसा नाही, काळा चिखल आला. तिथेच निकाल लागला.

आतली फायबरची साल अर्धी कापून झालीय. आत प्लायचा गाभा आहे, दोन थर. उजव्या बाजूचा हाताने ओढला तरी पानं सुटावीत तसा निघतोय. डावा वरचा कोपरा मात्र अजून पिवळा आणि कोरडा आहे, तिथे पटाशी घालावी लागली.

आता खरा प्रश्न. कापायच्या आधी मी भोकांतून तारेचा आकडा घालून आणि काठावर व्हर्निअर लावून एकूण जाडी (दोन्ही सालींसकट) मोजून ठेवली होती. इंजिनाच्या बोल्टांजवळ ४१ मिमी, बुचाच्या वर ४९, वरच्या काठावर मध्ये ४६, डाव्या कोपऱ्यात ४४. एका भिंतीची चार मापं! यातलं खरं कुठलं?

माझ्याकडे १८ मिमीचं मरीन प्लाय आहे, दोन थर म्हणजे ३६. त्यावर ६ मिमीचा आणखी एक थर टाकून ४९ गाठावं असं डोक्यात आहे, कारण आता ६० एचपी फोर-स्ट्रोक लावायचंय आणि त्याचं वजन ११० किलोच्या आसपास आहे, म्हणजे जाड तेवढं चांगलंच ना? की यात काही गोची आहे? प्लाय कापायच्या आधी विचारून घेतोय.

गुण्या_आणि_पटाशी

बरं झालं कापायच्या आधी विचारलंत. ४९ डोक्यातून काढून टाका.

तुमची चार मापं चार वेगळ्या गोष्टी सांगतायत. ४९ हे फुगलेलं लाकूड आहे, प्लाय पाणी प्यायलं की पदर सुटतात आणि ते जाडीतच फुगतं, लांबी-रुंदीत फारसा फरक पडत नाही. ४१ म्हणजे बोल्टांनी चेपलेलं लाकूड, गाभा मऊ झाला की बोल्ट ढिला वाटतो, आपण नट आवळतो, तो अजून चेपतो, परत ढिला वाटतो, परत आवळतो. वरच्या काठाला थोडं हे थोडं ते. खरं माप फक्त जिथे लाकूड पिवळं आणि कोरडं आहे तिथलं, ४४. आणि त्याचा हिशोबही लागतो बघा, १८ अधिक १८ झाले ३६, बाहेरची साल ५ धरली तर ४१, आतली ३. झाले ४४. होडी बनवणाऱ्याने नेमकं हेच केलं असणार.

पण खरं सांगू का, जुनं माप हा नुसता पडताळा. जाडी ठरवतं ते इंजिन. तुमच्या ६० एचपीच्या पुस्तकात ट्रान्समची जाडी किमान किती आणि कमाल किती ते दिलेलं असतं, आधी ते पान काढा. छोट्या इंजिनांना, जी नुसत्या दोन शिकंज्यांवर टांगतात, साधारण दीड इंच म्हणजे ३८ मिमीच्या आसपास पुरतं, मोठ्यांना ती ५० किंवा त्याच्याही थोडी वर जाते. मध्यम इंजिनाच्या ब्रॅकेटचं, म्हणजे ज्या पकडीने ते काठावर बसतं तिचं, तोंड ठरावीकच उघडतं, ट्रान्सम त्यापेक्षा जाड झाला तर ब्रॅकेट काठावरून खालीच उतरणार नाही, मग बसा नवा कोरा ट्रान्सम घासत.

दुसरं, जाड म्हणजे मजबूत हे खरंय पण अर्धंच. ताठपणा जाडीच्या घनाने बदलतो, म्हणजे नुसती फळी धरली तर ३८ च्या जागी ३६ ठेवली की १५ टक्के ताठपणा गेला, फक्त २ मिमीत! तेव्हा पातळ ठेवू नका हे पहिल्यांदा. पण गाभ्यापेक्षा जास्त काम दोन्हीकडची साल करते, गाभा तिला एकमेकांपासून लांब धरून ठेवतो इतकंच. म्हणून ६ मिमी प्लाय वाढवण्यापेक्षा आतल्या सालीत एक जास्तीचा थर आणि कोपऱ्यांची बांधणी नीट करा, फायदा जास्त.

आता उलटं गणित करायचं. आधी एकूण किती हवं ते लिहा, मग त्यातून एकेक वजा करत या. बाहेरची साल घासून झाल्यावर किती उरते ते बुचाच्या भोकात मोजा. तिला प्लाय चिकटवायच्या लांबीला (रेझिन-पावडरचा घट्ट लेप) १ ते १.५ मिमी. दोन प्लायच्या मधल्या चिकटणीला अर्धा ते एक. आतल्या सालीला थराप्रमाणे, ४५० जीएसएमची (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) सुट्या धाग्यांची मॅट हाताने मारली की साधारण १ मिमी धरते, ६०० चं रोव्हिंग म्हणजे विणलेलं जाड कापड पाऊण. उरलं ते प्लाय. आणि प्लायवर १८ छापलंय म्हणून १८ धरू नका, व्हर्निअर लावा, १७.५ निघतं कधी कधी, दोन थरांत १ मिमी तिथेच गेला.

हो आणि अजून एक, होडीवर कमाल किती एचपी चालेल याची पाटी असते, ६० त्यात बसतंय ना बघितलंत का? ट्रान्सम कितीही जाड केला तरी ती पाटी बदलत नाही.

भरतीची_वाट

मी तर म्हणतो जाडच करा हो. माझ्या होडीला ३ थर घातलेत, ५५ च्या वर गेलंय, १० वर्षं झाली, पहाडासारखा उभा आहे. पातळ झाला तर रडाल, जाड झाला तर बोल्ट लांब आणायचे, संपला विषय.

गुण्या_आणि_पटाशी

@भरतीची_वाट, तुमचं इंजिन चारही बोल्टांवर आहे आणि ब्रॅकेटला मागून शिकंजे नाहीत, म्हणून चाललं. यांचं ६० एचपी कसं बसतं ते त्यांनाच बघू द्या.

उलटा_पंखा

जाडीवरून माझी फजिती सांगतो, म्हणजे कोणी "जाड तेवढं चांगलं" करायच्या आधी दोनदा विचार करेल.

माझी होडी स्टर्नड्राइव्हवाली, म्हणजे इंजिन आत आणि पाय बाहेर, मध्ये ट्रान्सम सँडविच होतो. माझ्या ड्राइव्हचं, मर्क्रूझरचं पुस्तक सांगतं की जाडी ५१ ते ५७ मिमी हवी आणि आतली-बाहेरची बाजू एकमेकींना समांतर, फरक ३ मिमीच्या आत. मी पुस्तक वाचलं होतं बरं का. प्लायचं गणितही बरोबर केलं, ५० वर आणून ठेवलं. पण मग आतून फायबर मारताना उत्साह आला, रेझिन उरलंय, कापड उरलंय, मारा अजून एक थर, मारा अजून एक, शिवाय बाजूच्या भिंतींवरून आणि तळावरून येणाऱ्या पट्ट्या सगळ्या ट्रान्समवरच एकावर एक चढतात हे लक्षातच नाही राहिलं. शेवटी मोजलं तर मध्ये ५७ आणि खाली उजवीकडे ६२.

आतली प्लेट बसेना, स्टडला नट धरायला आटेच उरेनात. आणि ती जी ५ मिमीची तिरपाई होती त्याने इंजिन पायाच्या रेषेत येईना, अलाइनमेंटची सळई आत जायलाच तयार नाही. चार दिवस ग्राइंडर घेऊन आत उकिडवा बसून नवं कोरं फायबर घासलं. खाज किती दिवस गेली नाही ते विचारू नका.

आउटबोर्डला एवढं कडक नसतं हे मान्य. पण दोन गोष्टी घ्या यातून. पट्ट्यांचे काठ एकाच जागी येऊ देऊ नका, आणि ब्रॅकेट जिथे टेकणार तो भाग आधी पेन्सिलीने आखून ठेवा, तिथे ठरलेलेच थर, एकही जास्त नाही. आणि दर थरानंतर मोजा. मी शेवटी एकदाच मोजलं, तीच चूक.

खाऱ्या_वाऱ्यावर

बापरे. बरं झालं विचारलं.

तर अपडेट असा. पुस्तक बघितलं, ४४ ते ४६ इंजिनाच्या मर्यादेत आरामात बसतं आणि ५० च्या वर मात्र ब्रॅकेटला अडचण आहे, म्हणजे ४९ केलं असतं तर फायबरचा एक थर जास्त झाला असता तरी अडकलो असतो. एचपीची पाटीही बघितली, ६० चालतंय (बरोबर ६०, त्यावर नाही). बाहेरची साल घासून झाली, बुचापाशी ४.५ उरली. प्लाय व्हर्निअरने १७.६ भरलं.

मग हिशोब: ४.५ साल, १.५ लांबी, १७.६ प्लाय, ०.८ चिकटणी, १७.६ प्लाय, आणि आतून ३ मिमी फायबर. बेरीज बरोबर ४५. चालेल ना?

पण आता दोन नवीन भानगडी. गाभा सगळा काढल्यावर बाहेरची साल पातळ कागदासारखी झालीय, मध्ये बाहेरच्या बाजूला चक्क पोट सुटलंय, सरळ पट्टी लावली तर ६-७ मिमीचा फरक. आणि दुसरं, चिकटवताना दाबायचं कसं? माझे शिकंजे वरच्या काठावरून फार तर एक वीत खाली पोचतात, खाली काय करू?

शिवाय रेझिन कुठलं? माझ्याकडे पॉलिएस्टर आहे अर्धा डबा. एकाने सांगितलं तेच वापर, दुसऱ्याने सांगितलं इपॉक्सीशिवाय हात लावू नकोस.

राळ_आणि_रंधा

गणित बरोबर आहे तुमचं. आता पोटाबद्दल.

खरं तर गाभा काढायच्या आधीच बाहेरून दोन-तीन सरळ जाड लाकडं आडवी बांधून घ्यायची असतात, आणि होडीच्या दोन भिंतींमध्येही एक आडवी काठी ठोकायची म्हणजे भिंती आत-बाहेर सरकत नाहीत. असो, अजून उशीर झालेला नाही, चिकटवेपर्यंत काहीच पक्कं झालेलं नसतं. आता बाहेरून बांधा, रंध्याने सरळ केलेली लाकडं घ्या, पट्टी लावून बघा, सालीचं पोट आत जाऊन ती सपाट झाली पाहिजे. पण आधी जुना आकार बघा, काही होड्यांना मुळातच थोडी गोलाई असते, ती कोपऱ्यातल्या न कुजलेल्या भागावरून कळते. मुळात गोल असेल तर गोलच ठेवा, मग १८ चे दोन घेण्यापेक्षा १२ चे तीन घ्या, वाकायला सोपे जातात, जाडी तीच ३६, फक्त चिकटणी एक वाढते. भिंतीचा तिरपेपणाही तपासा, बहुतेक आउटबोर्डच्या ट्रान्सम उभ्या रेषेपासून १२ ते १४ अंश मागे झुकलेल्या असतात, तो कोन बिघडला तर ट्रिम, म्हणजे इंजिनाचा झुकाव, बिघडतो. होडीचा तळ ट्रेलरवर नीट टेकलेला असू द्या, मागचं टोक लोंबकळत ठेवून काम केलंत तर तळाचा बाकच कायमचा पक्का कराल.

दाबायची युक्ती सोपी आहे. इंजिनाच्या बोल्टांची भोकं आहेत ना सालीत, तीच वापरा. आतून एक जाड लाकूड, बाहेरून एक, मधून लांब बोल्ट, बोल्टला मेण चोपडून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळा म्हणजे चिकटणार नाही. खालच्या भागाला आतून पाचर, समोर टेकायला जागा नसेल तर तळावर आडवं लाकूड टाकून त्यावर तिरपा टेकू. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जीव खाऊन आवळू नका. सुताराची सवय असते घट्ट पिळायची, इपॉक्सीत ती उलटी पडते, सगळा माल बाहेर येतो आणि आत कोरडी चिकटण राहते. काठांवरून सगळीकडे थोडा थोडा माल बाहेर डोकावला की थांबायचं. माझ्या मते अर्ध्या ट्रान्सम इथेच वाया जातात, कुजून जातात त्या नंतर.

माल दातेरी पट्टीने पसरायचा, सालीवरही आणि प्लायवरही, म्हणजे हवा दात्यांच्या चऱ्यांतून निघून जाते. आधी दोन्हीकडे नुसतं पातळ रेझिन मारून घ्या, कोरड्या प्लायवर थेट लांबी थापली तर लाकूड त्यातलं रेझिन पिऊन टाकतं आणि उरते नुसती पावडर. लांबी म्हणजे रेझिनमध्ये सिलिकाची पावडर, उभ्या पट्टीवरून ओघळणार नाही इतकी घट्ट. थाळीत पसरून ठेवा, डब्यात तसाच ठेवलात तर १० मिनिटांत धूर काढेल, इपॉक्सीचा ढीग स्वतःच्याच उष्णतेने भडकतो.

रेझिनचं. कारखान्यात बहुतेक होड्या पॉलिएस्टरनेच बनतात, म्हणून पॉलिएस्टर वाईट असं नाही. पण तिथे सगळं ओल्यावर ओलं होतं. तुम्ही जुन्या वाळलेल्या सालीवर चिकटवताय, तिथे आणि लाकडावर इपॉक्सीची पकड खूप चांगली. एकदा इपॉक्सी केलं की मग त्यावर पॉलिएस्टर मारू नका, इपॉक्सीच्या हार्डनरमुळे ते नीट वाळत नाही, चिकट राहतं. जुन्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालतं, उलटं नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि इपॉक्सीबरोबर साधी मॅट नको, तिचे धागे धरून ठेवणारा जो गोंद असतो तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीननेच विरघळतो, इपॉक्सीत मॅट तशीच कडक राहते, वळत नाही. टाके घातलेलं बायॅक्सियल कापड घ्या, ८०० जीएसएमच्या आसपासचं, एक थर साधारण १ ते १.१ मिमी होतो, म्हणजे ३ थर, तुमचे ३ मिमी झाले. धागे ४५ अंशात असतात त्यामुळे कोपऱ्यात छान वळतं.

कोपरे काटकोनात सोडू नका. ट्रान्सम आणि तळ, ट्रान्सम आणि भिंत, तिथे लांबीने गोलाई भरा, बोटाने ओढली तर येते तेवढी, २० मिमीच्या आसपास. त्यावरून कापड भिंतीवर आणि तळावर १५० मिमीच्या आसपास गेलं पाहिजे, पण प्रत्येक थर वेगळ्या ठिकाणी संपवा, १००, १५०, २०० असा. म्हणजे @उलटा_पंखा म्हणतायत तसा ढीगही होत नाही आणि ताणही एका रेषेवर येत नाही.

प्लाय चिकटवायच्या आधी त्याच्या काठांना २-३ हात रेझिन द्या, पाणी काठातूनच पितं ते. लाकूड कोरडं हवं, ओल १२ टक्क्यांच्या आत. आणि रेझिन सकाळी ऊन चढत असताना मारू नका, संध्याकाळी गार होत असताना मारा. लाकूड तापलं की आतली हवा बाहेर येते आणि बुडबुडे काढते, गार होताना तीच हवा आक्रसते आणि रेझिन आत ओढते. छोटी गोष्ट आहे पण फरक डोळ्यांनी दिसतो.

नवशिका_नावाडी

मध्येच विचारतो, सॉरी. वरून नुसता कुजलेला गाभा खणून काढायचा आणि मध्ये ओतायचं कंपाउंड भरायचं, असं पण करतात ना? त्यात जाडीचा प्रश्नच येत नाही, दोन सालींमध्ये जेवढी जागा तेवढं भरणार.

राळ_आणि_रंधा

करतात, आणि चांगलंही होतं, पण जाडीचा प्रश्न येतोच. ओतलेला माल ओला असताना दोन्ही सालींना बाहेर ढकलतो, खाली सगळ्यात जास्त. बाहेरून-आतून दोन्हीकडे लाकडं बांधली नाहीत तर खाली पोट फुगलेला ट्रान्सम तयार होतो आणि तो मग लाकडाचाही नाही की तासता येईल. शिवाय कुजलेलं लाकूड शेवटच्या कणापर्यंत खणून निघालं पाहिजे, वरून आंधळ्यासारखं खणताना ते कळत नाही. यांनी आतली साल उघडलीच आहे, त्यांना तो प्रकार नको. ग्लासचे धागे असलेलं फोमबोर्डही मिळतं, ते कुजत नाही आणि हलकं असतं, पण प्लायइतकं ताठ नसतं म्हणून साल जाड ठेवावी लागते. जाडीचं गणित तिथेही हेच, घटक बदलतात फक्त.

बिल्ज_बहाद्दर

सगळं बरोबर बोललात सगळे पण मुळात कुजलं कशामुळे ते कोणीच विचारलं नाही! पाणी आत गेलं त्या भोकांतून, परत त्याच भोकांतून जाणार.

बहुतेक वेळा दोषी तीन. बुचाची पितळी नळी, तिच्या बाजूने पाणी झिरपतं. डेप्थ फाइंडरच्या (पाण्याची खोली मोजायचं यंत्र) सेन्सरचे स्क्रू, लोक नुसते पिळून मोकळे होतात, तेही पाण्याच्या रेषेखाली. आणि इंजिनाचे बोल्ट. माझ्या आधीच्या होडीला कोणीतरी सेन्सर तीन वेळा जागा बदलून लावला होता, सहा भोकं, एकात पण सीलंट नाही. मी ती होडी घेतली तेव्हा मागून फार छान दिसत होती.

उपाय एकच. १२ मिमीच्या बोल्टाला १८-२० चं भोक पाडा, ते लांबीने पूर्ण भरा, वाळू द्या, मग त्याच्या मधोमध १२-१३ चं भोक पाडा. म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही, भोवती इपॉक्सीची बांगडी. शिवाय आवळताना गाभा चेपत नाही, तुमचं ते ४१ चं माप परत येणार नाही. बुचाच्या भोकालाही तेच. मग बसवताना सीलंट, बाहेरच्या बाजूने भोकाच्या कडेला थोडा उतार काढून तिथे भरा म्हणजे त्याला धरायला जागा मिळते.

भोकं आखताना इंजिनाचं ब्रॅकेटच टेकवून खूण करा. बऱ्याच इंजिनांची रचना सारखी असते, वरची दोन भोकं ३२७ मिमी अंतरावर, खालची २५१, आणि उभं अंतर २०३, पण तरी स्वतःचं ब्रॅकेट ते स्वतःचं. उंचीही बघा, लाँग शाफ्टला (लांब पायाच्या इंजिनाला) २० इंच म्हणजे ५०८ मिमी, नवीन प्लायचा वरचा काठ कापताना जुन्या कापाची नक्कल करू नका, तो पण कुजून खचलेला असू शकतो.

आणि नटांखाली नुसते वॉशर नको, आतून रुंद पट्टी द्या. इंजिन पुढे ढकलतं तेव्हा ब्रॅकेटचा खालचा भाग ट्रान्समवर दाबतो आणि वरचे दोन बोल्ट मागे ओढले जातात, इंजिनाचं नुसतं लटकणारं वजनही तेच करतं. सगळा ओढा वरच्या बोल्टांवर, पट्टी तिथे हवीच. ट्रान्सम ते तळाच्या उभ्या कण्यांना जोडणारे तिकोनी टेकू आहेत का तुमच्या होडीत? असतील तर ते कुजलेत का बघा. नुसती भिंत नवीन आणि टेकू चिखलाचे, तर ४५ काय, ६० केलं तरी डोलेल.

खाऱ्या_वाऱ्यावर

टेकू बघितले. एक ठीक, उजवा बोटाने चुरला जात होता. @बिल्ज_बहाद्दर तुम्ही आठवण केली नसती तर मी त्यावर छान नवीन फायबर मारून मोकळा झालो असतो. तो पण नवीन केला.

काम झालं, तीन आठवडे गेले. बाहेरून तीन लाकडं बांधून पोट ७ वरून १ मिमीवर आणलं. दोन्ही प्लाय एकाच दिवशी चिकटवायचा विचार होता, पण पहिल्यालाच इतकी धांदल उडाली की दुसरं दुसऱ्या दिवशी केलं. इपॉक्सीवर सकाळी तुपकट थर आला होता, पाणी आणि घासणीने धुवून, वाळवून, घासून मग पुढचं. दर थरानंतर मोजलं, वहीत लिहिलंय सगळं.

शेवटची मापं: वर डावीकडे ४५.१, वर उजवीकडे ४५.४, मध्ये ४४.८, खाली डावीकडे ४५.६, खाली उजवीकडे ४६.३. ते ४६.३ कसं झालं माहितीये, एक पट्टी मी आखलेल्या चौकोनाच्या आत संपवली. दमलो होतो.

ठोकून बघितलं, सगळीकडे एकच आवाज. कान लावून दहा वेळा ठोकलं, घरचे वैतागले.

आता एक शेवटचं. ब्रॅकेट टेकवलं तर वरून दोन्हीकडे नीट बसतं पण मध्ये प्रकाश दिसतो, साधारण १ मिमी, म्हणजे बाहेरून ते जे पोट होतं ते आता उलटं आत गेलंय बहुतेक. काठांवरची साल घासून सपाट करू का?

राळ_आणि_रंधा

साल अजिबात घासू नका, आधीच ४.५ उरलीय ती. मध्ये खरवडून लांबी भरा, लांब लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर लावून सपाट करा आणि रंग द्या. ब्रॅकेट बसवताना सीलंट येणारच आहे मध्ये. आणि ४६.३ ची चिंता नको, दीड मिमीच्या आत आहात सगळीकडे.

उलटा_पंखा

४५ धरून ४६.३... मी ५० धरून ६२ वर गेलो होतो. नमस्कार घ्या.

बिल्ज_बहाद्दर

पहिल्या फेरीनंतर नट एकदा तपासा, आणि बुच लावायला विसरू नका. हसू नका, मी विसरलोय.